चौदावं प्रकरण

शिमुलडांगा, जिल्हा नदिया
१० जुलै १९७२

चि. सुधामयला नीहार वहिनीचे अनेक आशीर्वाद.

आठवी वही सोबत पाठवते आहे. शेजारच्या कुंडूबाबूंचे जावई उद्या कलकत्त्याला निघालेत, त्यांच्या हाती देते. वहीला जुन्या साडीच्या कापडाचं वेष्टण शिवलं आहे, ते फेकू नकोस, धुऊन ठेव. कादंबरी पुरी झाली. अठरा प्रकरणं भरली. नाव 'उघडी कडी' हेच राहू दे.

तुझ्या 'शेफालिका' मासिकाच्या दुर्गापूजा अंकासाठी तू माझ्याकडे कादंबरी मागितलीस तेव्हा मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. वाण्याकडच्या पुड्या सोडवून त्यांवर अक्षरं शिकलेली बाई मी. हळदीच्या पुडीवर अर्धी बातमी, जिऱ्याच्या पुडीवर दुसरीच अर्धी. जन्मात कधी दोन अर्ध्या जुळल्या नाहीत. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील. टुनू असता तर पेन्सिलीने गोल करत बसला असता आणि वर म्हणाला असता, "आई, तुझ्या वेलांट्या बघ कशा डुलक्या काढतायत." तो नाही, तर ते काम तुझ्या गौरहरीला सांग. तुझा कंपोझिटर तुझ्यापेक्षा शुद्ध लिहितो हे मला ठाऊक आहे.

गोष्ट तुला माहीतच आहे. सरमा नावाची विधवा, तिचा एकुलता एक मुलगा कलकत्त्यात शिकायला. तो त्या लाल झेंड्याच्या मुलांमध्ये जातो, भिंतींवर लिहितो, पत्रकं वाटतो आणि एका दुपारी दिसेनासा होतो. ती वर्षभर दाराची कडी लावत नाही. तू म्हणशील, वहिनी, ही तर आपल्याच घरची गोष्ट. हो, घरचीच आहे. मला दुसरी कुठली येते?

चौदावं प्रकरण सावकाश वाच. त्यात सरमाचा दीर शवागारात जातो, एकेक चादर उचलून बघतो आणि तिला लिहून कळवतो, 'तो तिथे नाही.' गेल्या साली माझ्यासाठी तू केलंस तेच. तुझ्या त्या एका ओळीवर मी वर्ष काढलंय, बाबा. शवागार मी पाहिलेलं नाही, मनानेच रचलं आहे. तिथलं काही चुकलं असेल तर तेवढं नीट कर.

शेवटाला मात्र हात लावू नकोस. सरमा ठाण्यात जाते. दारोगा म्हणतो, या नावाचं आमच्याकडे काहीच नाही. ती म्हणते, मग एवढं तरी लिहा की एक आई आली होती. तो लेखणी उचलत नाही. ती पायरीवर बसून राहते. तिथे संपलं.

टुनू दिसेनासा झाला त्याला दोन ऑगस्टला वर्ष होईल. श्राद्धाचं विचारायला आपले पुरोहित भट्टाचार्य मशाय आले होते. म्हणाले, हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, तोवर श्राद्ध नाही, तर्पणाचं पाणीही नाही. बारा वर्षांनी दर्भाचा पुतळा करून दहन. मी म्हटलं, बारा तर बारा. ते घाईत होते, मी नव्हते.

प्रकृतीला जप. खोकल्यावर तुळशीचा काढा घेतोस ना?

तुझी नीहार वहिनी


कलकत्ता
२२ जुलै १९७२

श्रीचरणी सुधामयचा नमस्कार.

वहिनी, सलग दोन दिवस वाचत होतो. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, लोकांच्या कादंबऱ्या कापतो, जोडतो, छापतो. अशी कादंबरी माझ्या टेबलावर आलेली नाही. गौरहरीने सातवं प्रकरण जुळवताना चष्मा तीनदा पुसला. विचारलं तर म्हणाला, शाईची वाफ लागते.

आता संपादक म्हणून बोलतो, रागावू नका. पूजा अंक लोक सणासुदीला वाचतात. शिऊली फुललेली असते, नवे कपडे आलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. अशा वेळी वाचकाला ठाण्याच्या पायरीवर सोडून यायचं का? मला सुचतं ते असं, की अष्टमीच्या दिवशी, ढाक वाजत असताना, मुलगा दारात उभा राहावा. कडी उघडीच असते. तो आत येतो. एवढंच.

चौदावं प्रकरण मला थोडं संथ वाटलं. ते गाळलं तरी कथेचं काही अडत नाही. शवागाराचं वर्णन बायकामुलांच्या अंकात नको असंही मला वाटतं.

शिवाय दिवस कसे आहेत ते तुम्ही जाणता. साध्या कपड्यातला एक माणूस महिन्यातून दोनदा छापखान्यात येतो, चहा पितो आणि काय जुळवताय म्हणून खिळ्यांच्या पेटीत डोकावतो. घरी रेखा आणि शिखा दोघी लग्नाच्या आहेत. माझा विचार करा.

आशा ठेवायला काय हरकत आहे, वहिनी?

तुमचा सुधा


शिमुलडांगा
३० जुलै १९७२

चि. सुधामयला आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चुलीवरची डाळ करपली. मी कादंबरी पाठवली होती, संदेशाची मिठाई नव्हे, की पाहुण्याच्या जिभेला बरं वाटावं म्हणून तू वरून आणखी साखर पेरावीस.

आशा ठेवायला हरकत आहे का विचारतोस. आशा मी ठेवतेच आहे. सकाळी अंगण झाडताना ठेवते, भात चढवताना एक मूठ जास्त टाकते तेव्हा ठेवते. तिला कागदावर कशाला उतरवू? कागदावर जे घडलं ते हवं. मुलगा आलेला नाही, सुधा. माझ्या दारातून रोज कुत्री आत येतात, कुंडूबाबूंची कोंबडी येते, सीमेपलीकडून आलेली आणि अजून परत न गेलेली माणसं भाताची पेज मागायला येतात. तो येत नाही. आणि तू म्हणतोस ढाक वाजवू या.

एक तारखेला ठाण्यात जाऊन आले, की पुढचा महिनाभर मला कामच नसतं, म्हणून हे लिहीत बसले. नवा दारोगा फार गोड माणूस. आधीचा हाकलून द्यायचा. हा खुर्ची देतो, पंखा माझ्याकडे फिरवतो, "मासीमा, गुडघे कसे आहेत?" म्हणून विचारतो. सगळं विचारतो, फक्त लिहीत काही नाही. मी टुनूचं खरं नाव सांगून म्हटलं, बाळा, एक ओळ लिही. क्षौणीश बागची, वडील कै. अविनाश बागची, अमुक दिवसापासून बेपत्ता. तो म्हणाला, "मासीमा, नाव लिहिलं की फाईल उघडते, फाईल उघडली की वर पाठवावी लागते, वर पाठवली की तुम्हालाच त्रास." माझ्या त्रासाची त्याला इतकी काळजी, की माझा मुलगा जन्मला होता हेसुद्धा लिहून ठेवायला तयार नाही. शाळेच्या दाखल्यापलीकडे त्याचं नाव या देशात कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मी कादंबरी लिहिली. आता कळलं?

चौदाव्याचं तर मला नवलच वाटलं. तुला लाज वाटली असेल, तुझीच स्तुती तुझ्याच अंकात नको म्हणून. तू लहानपणापासून असाच. आंबा चोरलास तर लपवायचास आणि कुणाला आंबा दिलास तरी लपवायचास. पण त्या अख्ख्या कादंबरीत पुरुषजातीत एकच धड माणूस आहे, तो म्हणजे तो दीर. तोही काढून टाकला तर सरमाच्या पाठीशी उभं राहायला उरतं कोण?

मी लग्न होऊन आले तेव्हा तू पाच वर्षांचा, मी बारा. तुझ्या पुस्तकात डोकावून मी पुड्यांवरचे अडलेले शब्द सोडवायचे. तेव्हा तू म्हणायचास, वहिनी, वाचताना एकही शब्द गाळायचा नाही, मास्तर मारतात. तेच तुला आता सांगते.

दिवस वाईट आहेत हे मान्य. भीती वाटत असेल तर कादंबरी छापू नकोस, वह्या परत पाठव. राग धरणार नाही. पण छापायची तर माझी छाप.

तुझी वहिनी


कलकत्ता
१२ ऑगस्ट १९७२

श्रीचरणी नमस्कार.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे होईल. जास्त लिहीत नाही, पावसाने छापखान्यात पाणी शिरलं आहे. महालयाला नेहमीप्रमाणे आपल्या घाटावर तर्पणाला येईन तेव्हा ताजा अंक घेऊन येईन.

सुधा


शिमुलडांगा
१२ ऑक्टोबर १९७२

सुधामय,

आशीर्वाद आज लिहीत नाही. उगाच लिहायचे तर ते तुझ्यासारखं होईल.

महालयाच्या सकाळी घाटावरून ओल्या धोतराने आलास. दोन्ही हातांनी अंक माझ्या पायांशी ठेवलास. मी लुची तळल्या, हरभऱ्याची डाळ केली, नारळाचे लाडू बांधून दिले. तू मान खाली घालून जेवलास. मी विचारलं, छापलंस ना नीट? तू म्हणालास, "वाचा ना, सवडीने." आणि दुपारच्या गाडीने पळालास. मला वाटलं, कामाचा माणूस.

संध्याकाळपर्यंत वाचून संपवलं. तेराव्यानंतर पंधरावं आलं. मला वाटलं पान चिकटलं असेल, बोट ओलं करून सोडवायला गेले. पान चिकटलेलं नव्हतं. चौदावं नव्हतंच. आणि शेवटी अष्टमी, ढाक, दारात मुलगा, सरमा पायसाचं पातेलं खाली ठेवते आणि त्याच्या केसांतली धूळ झाडते. केसांतली धूळ तू कुठून आणलीस? ती मी पाचव्या प्रकरणात घातली होती, तो शाळेतून यायचा तेव्हाची. माझ्याच घरचा तांदूळ चोरून मलाच भात वाढलास.

आता ऐक, तुझ्या त्या अष्टमीने इथे काय केलं.

दुसऱ्या दिवशी मल्लिकांची सून धावत आली, गळ्यात पडली. "मासीमा, टुनूदा आला? सांगितलं पण नाहीत?" तिला वाटलं, मी इतक्या आनंदाने लिहिलंय म्हणजे आलाच असणार. तिच्या पाठोपाठ आणखी चौघी. एकीने तर त्याच्यासाठी चार मासे आणले, तिखट-मीठ लावून. विधवेच्या स्वयंपाकघराच्या दारात मासे घेऊन उभी. मी त्यांना काय सांगू? माझ्या नावाने छापलंय. ते खोटं आहे असं माझ्याच तोंडाने सांगू?

कुंडूबाबू ओटीवर बसून म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? पोरं चार दिवस उंडारतात आणि भूक लागली की घरी येतात. आता तुम्हीच कबूल केलंत." मी कबूल केलं म्हणे.

पण खरा घाव ठाण्यात बसला. या महिन्यात एक तारीख रविवारी आली, मग महालयाची तयारी निघाली, म्हणून मी काल गेले. त्या गोड दारोगाच्या टेबलावर तुझा अंक. त्याच्या बायकोने वाचला, रडली म्हणे. त्याने खुर्ची दिली, पंखा फिरवला आणि म्हणाला, "मासीमा, तुम्हीच तर लिहिलंत की मुलगा परत येतो. आईच्या मनाला आधी कळतं. मग तक्रार कसली नोंदवायची?"

वर्षभर ते लिहीत नव्हते. आता त्यांना न लिहायला कारण मिळालं आणि ते तू छापून दिलंस. त्यांची लेखणी जड होती, तू हातातून काढूनच घेतलीस. सांग, कुणासाठी छापलंस हे? वाचकासाठी? त्या चहा पिणाऱ्या माणसासाठी? की रेखा-शिखाच्या लग्नासाठी? रेखाला मी पाळण्यात झोके दिलेत. तिच्या वाटेत मी कधी काटा टाकीन का?

वह्या परत पाठव. वेष्टणासकट.

नीहारकणा बागची


कलकत्ता
१९ ऑक्टोबर १९७२

श्रीचरणी सुधामयचा विजयेचा प्रणाम.

दशमी झाली, देवी गेली. दर वर्षी विजयेचं पहिलं पत्र तुम्हाला लिहितो. यंदा चार वेळा फाडलं.

तुम्ही म्हणता ते सगळं खरं. त्या चहा पिणाऱ्या माणसाने प्रुफं मागितली होती, तुमचा शेवट वाचून म्हणाला, छापा की, आणि छापखान्याला कुलूप कुठल्या कंपनीचं हवं तेही सांगा. ते एक कारण. पण मी शपथेवर सांगतो, ते सर्वांत मोठं कारण नव्हतं. शेवटचं पान मी लिहायला बसलो आणि मला वाटलं, कुठेतरी एकदा तरी तो घरी येऊ दे. कागदावर का होईना. तुम्ही त्याच्या केसांवरून हात फिरवताय हे मला पाहायचं होतं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

दारोगाचं वाचून मला ताप भरला. ते मला सुचलंच नव्हतं.

वह्या पाठवतो आहे. एवढ्या वेळी आशीर्वाद द्या.

सुधा


शिमुलडांगा
२५ ऑक्टोबर १९७२

सुधा,

कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला भट्टाचार्य मशाय आले होते. मी पाटावर रांगोळीची पावलं काढत होते. ते पोथी काढून बसले आणि न उघडता तशीच धरून राहिले. मी म्हटलं, काय झालं, चष्मा विसरलात का?

ते म्हणाले, "बौमा, मनावर दगड आहे, सांगून टाकतो. पुतळ्याला बारा वर्षं थांबायचं म्हणालो होतो ना मी? आता थांबायला नको. अवसेच्या एखाद्या दिवशी श्राद्ध करून घेऊ."

मी विचारलं, का म्हणून?

त्यांना वाटलं होतं, मला माहीत आहे. म्हातारा माणूस, त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी सांगितलं. महालयाला तू कमरेएवढ्या पाण्यात उभा होतास. सासऱ्यांना पाणी दिलंस, सासूबाईंना, माझ्या नवऱ्याला. ते समजले, झालं, म्हणून वळले. तर तू पुन्हा ओंजळ भरलीस. तीळ मागितलेस. आणि टुनूचं नाव घेऊन म्हणालास, शांडिल्य गोत्र, क्षौणीश देवशर्मा, तृप्त होवो. ते म्हणाले, अहो छोटेबाबू, हरवलेल्याला पाणी द्यायचं नसतं, जिवंत असेल तर पाप लागतं. तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस. तीन ओंजळी पुऱ्या केल्यास. गेल्या सालीही तू एकटाच दूर जाऊन काहीतरी पुटपुटत होतास, ते त्यांना आता आठवलं.

मी चार दिवस जेवले नाही असं समजू नकोस. जेवले. पूजा पुरी केली, प्रसाद वाटला. त्या मूठभर जास्तीच्या भाताचं काय करायचं तेवढं कळेना.

तू त्या चहा पिणाऱ्या माणसाशी खोटं बोलू शकतोस, माझ्याशी बोलू शकतोस, खिळे जुळवून हजार प्रतींत खोटं छापू शकतोस. पाण्यात उभं राहून नाही बोलता आलं. पोर तहानलेलं राहील याची भीती वाटली, हो ना? तेवढी तरी माया तुझ्यात उरली आहे. म्हणून हे पत्र लिहिते, नाहीतर दारही उघडलं नसतं.

तू काय पाहिलंस ते लिही. कुठे, कोणत्या दिवशी, त्याच्या अंगावर काय होतं. माझ्या जिवाचा विचार करून काही गाळू नकोस. फार केलास तो विचार.

नीहार


कलकत्ता
३ नोव्हेंबर १९७२

वहिनी,

९ ऑगस्ट १९७१, सोमवार, सकाळचे अकरा. शवागाराच्या बाहेर पंधरा-वीस माणसं रांगेत होती, सगळी माझ्यासारखीच, एकमेकांकडे न बघणारी. आत तुम्ही लिहिलंत तसं नव्हतं. चादरी नव्हत्या.

डावीकडून तिसरा. छातीत दोन गोळ्या. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. अंगात तुम्ही शिवलेला निळा सदरा, ज्याच्या खिशाला तुम्ही चुकून पांढरा दोरा घातला होता आणि तो म्हणायचा की ही फॅशन आहे. डाव्या कानामागचा तीळ. मला ओळखायला एक क्षणही लागला नाही.

टेबलाशी एक अधिकारी बसला होता. त्याने विचारलं, "तुमचा कोण?"

त्याच्या आधल्या शनिवारी आमच्या गल्लीतला एक छापखाना बंद केला होता, मालकाला धरून नेलं होतं. आणि टुनूचं एक पत्रक माझ्याकडे छापलं गेलं होतं, वहिनी. जुलैत. तो आला, म्हणाला, काका, एक पान आहे, गौरहरीकाका जुळवून देतो म्हणाले. मी नाही म्हणू शकलो नाही. मी त्याचा काका म्हणून नाव सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते आमच्याकडे आले असते.

मी म्हणालो, "कोणी नाही."

तो म्हणाला, नक्की? मी म्हणालो, मी ओळखत नाही याला. त्याने लिहिलं, अनोळखी पुरुष, वय पंचवीसच्या सुमारास. मग म्हणाला, पुढचा. मी बाजूला झालो. बेवारस म्हणून दोन दिवसांनी त्यांनीच जाळलं. मी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होतो. आत गेलो नाही.

घरी येऊन तुम्हाला लिहिलं, तो तिथे नाही.

त्यानंतर तुमचं प्रत्येक पत्र माझं कौतुक करत आलं. आणि मग चौदावं प्रकरण आलं. तो दीर किती चांगला आहे, वहिनी. एकेक चादर उचलतो. ते मला छापता आलं नाही. गौरहरीला मी प्रकरणांचे आकडे बदलायला सांगितले होते. त्याने बदलले नाहीत. विसरला म्हणतो. सतरा वर्षांत तो काही विसरलेला मला आठवत नाही.

माफी मागण्याची माझी लायकी नाही, तरी मागतो.

सुधामय


शिमुलडांगा
१३ नोव्हेंबर १९७२

सुधा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पांढऱ्या दोऱ्याशी प्रत्येक वेळी थांबले.

भीती मला कळते. बाळा, तू भ्यालास याचा राग मला कमी आहे. दारावर बंदूक आली तर मीही कदाचित सांगितलं असतं की माझ्या घरात कुणी नाही. राग याचा आहे, की भीती गेली तरी तू बोलला नाहीस. शवागारातून आलास, घरी गेलास, आंघोळ केलीस, मग पेन उचललंस. तेव्हा समोर अधिकारी नव्हता, मी होते. पंधरा महिने मी एका माणसासाठी भात शिजवला जो राख झाला होता, आणि तू मला लिहायचास, गुडघ्याला तेल लावा.

आणि त्या लोकांचा राग तर माझ्या या देहात मावत नाही. एकवीस वर्षं वाढवलेला मुलगा मारायचा, वर आम्हालाच विचारायचं, तुमचा कोण. आणि असं विचारायचं, की सख्ख्या काकाच्या तोंडून 'कोणी नाही' निघावं. त्यांना त्या गोळ्या पुरल्या नाहीत. त्याचं नातंही पुसून हवं होतं. पहिलं त्यांनी केलं, दुसरं त्यांनी तुझ्याकडून करून घेतलं.

म्हणून माफीचं आज बोलू नकोस. काम आहे.

एक डिसेंबरला सकाळच्या गाडीने ये. मी ठाण्यात जाणार आहे, तू बरोबर येशील. चष्मा आण, नाहीतर म्हणशील वाचता आलं नाही. तिथे तू तो दिवस, ती वेळ, तो सदरा आणि ते नाव सांगायचं.

आणि माझं चौदावं प्रकरण खोटं निघालं. न पाहता एका माणसाला मी चांगला म्हटलं. ते माझ्या नावावर नको. ते आता तू लिही. तुझ्या हाताने, तुझ्या नावाने, आणि छाप. कादंबरी म्हणून नव्हे.

रेखा-शिखाला आधी सांग. त्यांना दुसऱ्याकडून कळू नये.

वहिनी


कलकत्ता
१६ डिसेंबर १९७२

श्रीचरणी नमस्कार.

त्या दिवशी ठाण्यातून आल्यापासून मला झोप लागते आहे. दारोगाने पंखा तुमच्याकडून माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, तेव्हा का बोलला नाहीत, आणि मी म्हणालो, भ्यालो. तो शब्द एवढा लहान असेल असं वाटलं नव्हतं. त्याने नाव लिहिलं तेव्हा तुम्ही टेबलावर वाकून प्रत्येक अक्षर बघत होता. त्याने 'क्ष' चुकवला तर तुम्ही त्याची लेखणी काढून घेतलीत. तुम्ही पायरीवर बसलात तेव्हा मी शेजारी बसलो, पण तुम्ही सरकला नाहीत की बोलला नाहीत. तेही मला चाललं.

रेखाला सांगितलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाबा, छापा.

जानेवारीच्या अंकाच्या पहिल्याच पानावर हे शुद्धिपत्र जातं आहे. कुलूप लागलं तर लागलं. गौरहरीने जुळवलं, एका बैठकीत. प्रूफ सोबत आहे. चुका काढून पाठवा.

सुधा

*शुद्धिपत्र*

*आमच्या पूजा अंकातील 'उघडी कडी' या कादंबरीचं चौदावं प्रकरण संपादकाने गाळलं. शेवटचं प्रकरण संपादकाने बदललं. लेखिकेने तसं लिहिलं नव्हतं. मुलगा घरी येत नाही.*

*त्याचं नाव क्षौणीश बागची. वय बावीस. ९ ऑगस्ट १९७१ रोजी सकाळी कलकत्त्याच्या एका शवागारात मी त्याला पाहिलं. छातीत दोन गोळ्या होत्या. अंगात आईने शिवलेला निळा सदरा होता. मला विचारण्यात आलं, हा तुमचा कोण? मी म्हणालो, कोणी नाही.*

*तो माझा पुतण्या होता. मी त्याला ओळखत होतो.*

*सुधामय बागची, संपादक*


शिमुलडांगा
२१ डिसेंबर १९७२

चि. सुधामयला आशीर्वाद.

प्रूफ पोचलं. अवसेला श्राद्ध करून घेतलं. भट्टाचार्य मशाय पिंडाला हात लावताना रडले, मीच त्यांना पाणी दिलं. त्या दिवसापासून भात मोजून शिजवते आणि दाराला कडी लावते. लावताना हात अडतो, पण लावते.

माफीचं तू पुन्हा विचारलं नाहीस हे बरं केलंस. ती मला देता येईल की नाही, मला अजून माहीत नाही. नारळाचे लाडू पाठवते आहे, कारण केले होते. अर्धे गौरहरीला दे. त्याला म्हणावं, आकडे असेच विसरत जा.

प्रुफात एकच चूक आहे. लाल शाई नव्हती, आळत्याने खूण केली आहे. वय बावीस नव्हे, एकवीस. बावीस त्याला भाद्रपदात पुरी व्हायची होती. जे त्याला मिळालं नाही ते पुन्हा छापू नकोस.

तुझी वहिनी